दुपारचा गठ्ठा

मशीन घ्या, असे ताईंनीच सांगितले होते, आणि नेमकी हीच गोष्ट पुढे दोन महिने त्यांच्या घशात काट्यासारखी अडकून राहिली. दुसऱ्या कोणी सांगितले असते, तर निदान बोट दाखवायला जागा तरी उरली असती.

त्या छापखान्यात ताई सव्वीस वर्षे काम करत होत्या. मालकांचे वडील हयात असताना त्या बायंडिंगच्या टेबलावर घड्या घालायला आल्या, आणि तीन वर्षांत, कोणाला फारसे कळण्याच्या आत, कटिंग मशीनच्या झाल्या. ते मशीन हाताचे होते. वरचे चाक गरागरा फिरवून कागदाचा गठ्ठा दाबायचा, मग दांडा अंगावर ओढून पाते खाली आणायचे. दिवसाकाठी तीनशे वेळा. आताचे मालक तेव्हा दप्तर घेऊन शाळेतून थेट छापखान्यात येत आणि ताईंनी कापलेल्या कतरणांच्या ढिगात बसून गृहपाठ करत. ते त्यांना ताई म्हणत म्हणून सगळा छापखाना ताई म्हणे. ऑफसेट मशीनवरचा लंबू, जो त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा होता, तोसुद्धा.

औषधांच्या कारखान्याचे लेबलांचे काम मिळाले आणि हाताच्या मशीनचे दिवस भरले. एवढे कापून होईना, आणि ताईंचा उजवा खांदा रात्रभर ठणकू लागला. नवे हायड्रॉलिक मशीन घेण्याची ऐपत नव्हती. जुन्या मशीनच्या एका व्यापाऱ्याकडे एक आहे असे कळले, तेव्हा मालक म्हणाले, "ताई, तुम्ही चला. वापरणार तुम्ही, तर पसंतही तुम्हीच करा."

व्यापाऱ्याने सकाळी आठची वेळ दिली होती. थंडीचे दिवस होते. त्याच्या गोदामात बोलताना तोंडातून वाफ निघत होती. ताईंनी कागद बरोबर नेला होता, कारण विकणाऱ्याच्या कागदावर मशीन पाहू नये हे त्या जाणत होत्या. त्यांनी पात्याच्या धारेवरून नख फिरवले. पात्याखालची पट्टी काढून तिच्यावरची खाच पाहिली. दोन्ही हात पात्यापासून दूर राहावेत म्हणून दिलेल्या दोन बटणांपैकी एकच दाबून पाहिले. पाते हलले नाही. दोन्ही एकदम दाबली, तेव्हाच ते खाली आले. गठ्ठा टेकवायची मागची लोखंडी भिंत पुढे-मागे सरकवली, वाकून मशीनच्या पोटाखाली पाहिले.

"ताई, एवढं तर डॉक्टरसुद्धा तपासत नाहीत," व्यापारी म्हणाला.

"डॉक्टरांचा पेशंट बोलतो तरी," ताई गुडघे झटकत उठल्या. "हिला कुठंय तोंड?"

त्यांनी पाच वेळा गठ्ठा लावला, पाच वेळा कापला. दर वेळी सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा ताव काढून एकावर एक ठेवले आणि दाराच्या उजेडात धरले. केसाचाही फरक नव्हता. व्यापाऱ्याला घाई होती. दुपारी दुसरे गिऱ्हाईक यायचे होते म्हणे. ताईंनी मालकांकडे पाहून मान हलवली. "घ्या," त्या म्हणाल्या.

मशीन आले, आणि पहिले काही दिवस ताईंना आपल्या सुखाची लाजच वाटली. दोन बोटे टेकवायची. दाबपट्टी सुस्कारा टाकून गठ्ठ्यावर बसे, पाते उतरे, काम झाले. खांदा निवला. त्यांनी त्या मशीनचे तान्ह्या मुलासारखे केले. दर शनिवारी पाते पुसून त्यावर तेलाचा हात फिरवायचा, टेबलाला मेण चोळायचे, पात्याखालची पट्टी उलटवायची, वंगणाच्या जागा एकेक करून भरायच्या. आणि जुन्या सवयीने प्रत्येक गठ्ठ्याला चिठ्ठी: तारीख, वेळ, आपल्या नावाचे अक्षर. ही चिठ्ठी लावायला त्यांना कोणी सांगितले नव्हते. आपण कापलेले आपल्या नावाने ओळखले जावे, एवढेच त्यांना वाटे.

तीन आठवड्यांनी लेबले परत आली.

कारखान्याच्या यंत्रात ती अडकत होती. काही लेबले दीड मिलिमीटर आखूड होती. मालकांनी सगळे गठ्ठे टेबलावर मांडले, मोजपट्टी घेऊन दोन तास मोजत बसले आणि मग ताईंना बोलावले. त्यांच्या पुढ्यात चिठ्ठ्यांच्या दोन रांगा होत्या.

"सकाळचे सगळे बरोबर आहेत," मालक म्हणाले. "दुपारच्या प्रत्येक गठ्ठ्यात वरचे ताव आखूड. एकही सुटलेला नाही. बघा तुम्हीच. चिठ्ठ्या तुमच्याच आहेत."

ताईंनी पाहिले. ज्या चिठ्ठ्या त्यांनी अभिमानाने लावल्या होत्या, त्याच त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभ्या होत्या.

"मशीनमध्ये काहीतरी असेल," त्या म्हणाल्या.

"मशीन तेच, पातं तेच, कागद तोच. सकाळी बरोबर आणि दुपारी चूक? मशीनला काय घड्याळ कळतं, ताई?" मालकांचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊपणा ताईंना शिवीहून अधिक लागला. "वय होतं माणसाचं. जेवल्यावर जरा सुस्ती येते. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

दुसऱ्या दिवशी ताईंनी डबा अर्धाच खाल्ला. तिसऱ्या दिवशी उघडलाच नाही; गार पाण्याने तोंड धुऊन, डोळे ताणून, गठ्ठा चारही बाजूंनी ठोकून सारखा करून त्या कापत राहिल्या. संध्याकाळी वरचा ताव आणि खालचा ताव जुळवून पाहिले. आखूड. मग मात्र त्यांना स्वतःचीच भीती वाटली. सव्वीस वर्षे ज्या हातांवर विसंबून राहिलो, ते हात आपल्याला न सांगता म्हातारे झाले की काय?

तीन महिन्यांची हमी होती, म्हणून मालकांनी व्यापाऱ्याला बोलावले. तो सकाळी नऊला आला. दहा गठ्ठे कापले, दहाही आरशासारखे निघाले. मग रुमालाने हात पुसत, लंबू आणि बायंडिंगच्या दोघी बायका ऐकत असताना, तो म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं! मशीन सोन्यासारखी आहे हो. हात बघा, हात."

आणि मालक हसले. फार नाही, पाहुण्याच्या विनोदाला माणूस हसतो तेवढेच. पण ताईंनी ते हसू पाहिले. त्यांच्या टाळूपासून तळव्यापर्यंत आग गेली. कतरणांत बसून गृहपाठ करणारे हे पोर! त्याच्या दहावीच्या वह्या याच हातांनी कापून, शिवून दिल्या होत्या. आणि आज एक परका माणूस भर कामाच्या जागी या हातांना नावे ठेवतो, आणि ते पोर हसते!

व्यापारी गेल्यावर मालकांनी निर्णय सांगितला. तो शनिवारी पुन्हा येणार होता. मशीनमध्ये दोष नाही, असे लिहिलेल्या कागदावर मालक सही देणार होते. त्या बदल्यात तो एक नवा माणूस मिळवून देणार होता. सोमवारपासून कटिंग त्या माणसाकडे.

"आणि मी?"

"तुम्ही घड्यांच्या टेबलावर. पगार आहे तोच राहील, ताई. मी काय तुम्हाला वाऱ्यावर सोडणार आहे का?"

म्हणजे सव्वीस वर्षांचा रस्ता उलटा चालून त्यांनी पहिल्या दिवसाच्या टेबलावर जाऊन बसायचे. आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण समजून जाणार, का ते.

घरी ताईंचे यजमान पुढच्या खोलीत शिवणकाम करत. त्या दिवशी ते लांब टेबलावर अस्तराचे निसरडे कापड पसरून त्यावर लोखंडी वजने ठेवत होते. ताईंनी पिशवी कोपऱ्यात आपटली.

"आज भांड्यांचं काही खरं नाही," ते मान वर न करता म्हणाले.

"थट्टा पुरे. तुमच्या बायकोला म्हातारी ठरवलंय आज."

"कोणी? मला न विचारता?"

ताईंनी सगळे सांगितले. सांगता सांगता आवाज चढला, आणि शेवटी त्या विझल्यासारख्या स्टुलावर बसल्या. "मीच सांगितलं ना, घ्या म्हणून. आता कोणत्या तोंडाने मशीनला दोष देऊ?"

यजमानांनी कात्री खाली ठेवली. "वरचेच आखूड? खालचे बरोबर?"

"हो."

"मग कापणाऱ्याचं काय चुकलं? हे कापड बघ. वजन हलकं पडलं की वरचा थर कात्रीबरोबर सरकतो. कात्री निमूटपणे सरळ जाते, आणि तुकडा मात्र वाकडा. अगं, माप चुकलं की मी कापणाऱ्याला नंतर विचारतो. आधी विचारतो, धरलं कोणी होतं?"

ताई बघत राहिल्या. "आमच्याकडं धरते ती दाबपट्टी," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि दाबपट्टी चालते तेलावर."

"मग तेलाला विचार. माझ्यावर कशाला डाफरतेस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी पहिल्या गठ्ठ्यावर कागदाची एक लांब पट्टी ठेवली, दाबपट्टी खाली आणली आणि पट्टी ओढली. ती फाटली, पण सुटली नाही. अकराला त्यांनी तेच केले. पट्टी थोडी सरकली. दोन वाजता ती लोण्यातून केस निघावा तशी निघून आली. त्यांनी मशीनच्या मागे जाऊन तेलाच्या टाकीवर तळवा ठेवला, आणि चटका बसून मागे घेतला.

त्या तशाच उभ्या राहिल्या. गार तेल घट्ट, तापलेले तेल पातळ. पातळ झाले की दाब धरत नाही. दाब नसला की पाते वरचे ताव आपल्याबरोबर खेचते. इतके साधे. आणि व्यापाऱ्याने गोदामात बोलावले होते थंडीच्या सकाळी आठला. इथे आला तोही नऊला. त्याला ठाऊक होते. पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, आणि तरी तो म्हणाला, हात बघा!

त्या मालकांकडे गेल्या. मालक फोनवर होते. त्यांनी अर्धेच ऐकले. "ताई, कागदाच्या पट्ट्या ओढून आता मशीनवर खापर नका फोडू. मशीनवाल्यानं दहा गठ्ठे कापून दाखवले. उद्या शनिवार. एकदा ती सही होऊ द्या, संपू द्या हे."

"सही केलीत की हमी गेली."

"हमी गेली तरी चालेल. रोजची ही कटकट तर जाईल."

कटकट! ताई परत आल्या. रागाने त्यांचे हात थरथरत होते, आणि त्या थरथरीचाही त्यांना राग येत होता, कारण कोणी पाहिले असते तर तेही वयावरच गेले असते.

शटरची एक किल्ली त्यांच्याकडे असे. शनिवारी त्या साडेसहाला आल्या, मशीन सुरू केले आणि रद्दीचे गठ्ठे कापू लागल्या. कापलेले पुन्हा कापले, त्याचेही तुकडे केले. आठला लंबू आला आणि दारातच थबकला.

"ताई, रद्दीचा कीस करून कोणाला खायला घालताय?"

"येणाऱ्या पाहुण्याला. आणि ती मागची खिडकी लाव, हिला वारा लागू देऊ नकोस."

लंबूने टाकीकडे पाहिले, ताईंच्या तोंडाकडे पाहिले. तो अडाणी नव्हता. "त्या दिवशी मीपण थोडा हसलो होतो," तो खिडकी लावत म्हणाला.

"दिसलं होतं मला."

"मग आता दोन गठ्ठे मी उचलून देतो."

दहाला व्यापारी आला. हातात कागद, खिशाला पेन. मालकांनी खुर्ची दिली, पण ताई मधे उभ्या राहिल्या.

"सही करायच्या आधी एक गठ्ठा कापून दाखवा."

"अहो, मागच्या वेळी दहा कापले की!"

"अकरावा कापा. माझा हात वाईट, तेव्हा मी लावणार नाही. मालकांचा नको, लंबूचा नको. विकलीत तुम्ही, कापाही तुम्हीच."

मालक संकोचले, पण व्यापारी हसून उठला. नव्या कागदाचा गठ्ठा घेऊन तो मशीनपाशी गेला आणि गठ्ठा ठेवण्याआधी, रोजच्या सवयीने, काही विचार न करता, मागे वाकून त्याने टाकीला हात लावला. हात झटक्यात मागे आला.

"हे काय!" तो ओरडला. "सकाळी सकाळी इतकं कशाला चालवलंत? आधी थंड होऊ द्या हिला!"

बायंडिंगच्या दोघींच्या सुया हातातच राहिल्या. आपण काय बोललो हे व्यापाऱ्याच्या ध्यानात आले ते मालकांच्या चेहऱ्याकडे पाहून.

"का?" मालकांनी विचारले. "थंड कशाला व्हायला हवी?"

"म्हणजे... आपलं... मशीनला जरा विश्रांती..."

"कापा," मालक म्हणाले.

त्याने कापले. ताईंनी वरचा ताव काढला, खालचा काढला, दोन्ही एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. दीड मिलिमीटर. मालकांना मोजपट्टी लावायची गरज पडली नाही.

"आता हा हात कोणाचा?" ताई म्हणाल्या. "जेवलात का तुम्ही? सुस्ती आलीय का? मी अंगण वाकडं म्हटलं, तर म्हणे मला नाचता येत नव्हतं. आज तुम्ही नाचलात. सांगा आता, अंगण कसं आहे?"

फिटरला बोलावले गेले. अर्ध्या तासात येऊन त्याने थोडे तेल काढून बोटांत चोळले आणि नाक मुरडले. पंप पार झिजला होता. झीज लपावी म्हणून कोणीतरी भलतेच जाड तेल भरले होते. ते गार असेपर्यंत कसाबसा दाब टिके. मग मालकांचा आवाज चढला. व्यापाऱ्याने आधी हात वर केले, मग जोडले, आणि नवा पंप स्वतः बसवून देतो, हमी त्या दिवसापासून नव्याने धरू, असे आपल्याच आणलेल्या कागदाच्या मागे लिहून दिले. जाताना त्याने ताईंकडे पाहिले नाही.

मालक जग जिंकल्यासारखे वळले. "बरा सापडला लबाड! ताई, हिला तासभर थंड होऊ द्या आणि मग तेवढी उरलेली लेबलं घ्या. सोमवारच्या त्या माणसाला मी नाही म्हणून कळवतो."

ताई मशीनसमोर हाताची घडी घालून उभ्या होत्या. तास गेला; घडी सुटली नाही. लेबलांचे गठ्ठे टेबलावर तसेच.

"ताई? गार झाली की आता."

"हिला दोन बटणं आहेत," ताई म्हणाल्या. "माझे दोन्ही हात लागतात. आणि या हातांविषयी तुम्ही चारचौघांत बोलून बसलाय."

"अहो, झालं ते झालं, ताई."

"झालं नाही. केलंत." त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझी चूक मी सांगते, सगळ्यांसमोर. मी थंडीत सकाळी गेले, पाच गठ्ठे कापले आणि भुलले. मशीन तापू द्यायला हवी होती. ती चूक माझ्या डोक्याची. मला मान्य आहे. पण हाताची नव्हे. परका माणूस बोलला, त्याचं पोट त्यावर आहे. तुम्ही का हसलात? सव्वीस वर्षांत एकदा तरी माझा ताव तुम्हाला आखूड मिळाला होता? मग आधी मला विचारायचं की आधी माझं वय मोजायचं?"

मालकांनी खाली पाहिले. ऑफसेट मशीन धडधडत होते. त्यांचे ओठ हलले.

"ऐकू आलं नाही," ताई म्हणाल्या. "लंबूला तर नाहीच आलं. त्याची मशीन चालू आहे."

लंबूने मशीन बंद केले. ऐन कामाच्या वेळी छापखान्यात अशी शांतता क्वचितच पडे. भिंतीवरच्या घड्याळाचा काटासुद्धा ऐकू येऊ लागला. मालकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. गृहपाठ चुकला की अशाच लाल होत.

"ताईंचा हात चुकला नव्हता," ते म्हणाले. थांबले. "मी चुकलो. न तपासता बोललो, आणि हसलो."

ताईंनी मान हलवली. बरे वाटले असे नाही. आग अजून होतीच, आणि ती एका वाक्याने विझावी इतकी स्वस्तही नव्हती. पण हातांची घडी सुटली. त्यांनी गठ्ठा ठोकून सारखा केला, वर कागदाची पट्टी ठेवली, दाबपट्टी उतरवली आणि पट्टी ओढली. ती सुटली नाही.

"नवा पंप बसेपर्यंत ही अकरानंतर बंद राहील," त्या कोणाकडेही न पाहता म्हणाल्या. "कारखान्याला काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

"सांगतो," मालक म्हणाले.

तेव्हा घड्याळात साडेबारा वाजले होते, आणि मशीन मात्र सकाळचे होते. ताईंनी दोन्ही बटणे दाबली. मग चिठ्ठी घेतली. तारीख लिहिली, वेळ लिहिली, आणि त्याखाली, आजवर कधी लिहिली नव्हती अशी एक ओळ घातली: पट्टी ओढून पाहिली.